उबेचे खाते

गावात दिवा कधी आला, हे कोणत्याही खेड्यातला म्हातारा माणूस सांगू शकतो. खांब कोणत्या साली उभे राहिले, पहिला बल्ब कोणाच्या ओसरीवर लागला, नारळ कोणी फोडला, हे सगळे त्याच्या ध्यानात असते. त्याच माणसाला विचारावे, की हिवाळ्यात तुमच्या घरात ऊब कुठून यायची? तो जरा गोंधळतो. "शेकोटी होतीच की," एवढे म्हणून गप्प बसतो. उजेडाचा इतिहास आपण लिहिला, पाटपाण्याचा लिहिला, रस्त्यांचा आणि रेल्वेचाही लिहिला. उबेचा इतिहास मात्र कोणी लिहायला घेतला नाही. जी गोष्ट रोज संध्याकाळी हातांनी करायची आणि सकाळी राखेबरोबर उकिरड्यावर टाकायची, तिची नोंद कोण ठेवणार?

मी हे लिहितो आहे भोपाळच्या साकेत नगरातून. सीमेवरच्या वाचकाला भोपाळ लांबचे वाटेल. पण हिवाळ्याच्या दृष्टीने पाहिले तर ते फार लांब नाही. बैतूल आणि अमरावती, छिंदवाडा आणि नागपूर, बालाघाट आणि गोंदिया या जोड्यांमधून राज्याची सीमा जाते. पण सातपुड्यावरून उतरणारा गारठा, तुरीची वाळलेली झाडे आणि चुलीतले निखारे सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर ही सीमाच नव्हती. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडे ट्रंका आणि वळकट्या घेऊन भोपाळला उतरली. आमचे बिऱ्हाड त्यांतलेच. आईचे माहेर मुलताई तालुक्यातले. त्यामुळे बालपणीचे हिवाळे अर्धे भोपाळात आणि अर्धे तापीच्या उगमाजवळच्या त्या गावात गेले. साकेत नगरातले घर फार पुढचे.

प्रथम थंडी किती, ते पाहू. भोपाळचे जानेवारीतले सरासरी किमान तापमान दहा-अकरा अंश असते. लाट आली की पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांवर आला होता आणि पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांवर. काश्मिरी माणूस या आकड्यांना हसेल. पण आपल्या थंडीची अडचण आकड्यात नाही, तिच्या स्वभावात आहे. दुपारी चोवीस-पंचवीस अंशांचे सुखाचे ऊन असते आणि पहाटे चार वाजता दात वाजतात. ही थंडी वर्षातल्या जेमतेम आठ-दहा आठवड्यांच्या रात्रींची. तिच्यासाठी कोणी घर बांधत नाही. आपल्याकडे घर बांधले जाते ते मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांसाठी आणि आषाढातल्या झडीसाठी. हिवाळ्याने त्याच घरात कसेतरी भागवून घ्यायचे.

आणि तो भागवून घेत असे. हातभर जाडीची मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि तिच्यातून ती उष्णता आत पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन मध्यरात्री घरात येते. भिंतीपलीकडे गोठा. बैल बांधलेल्या खोलीत शिरले की शेणामुताच्या वासाबरोबर उबेची एक लाट अंगावर येई, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॉटच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. एका खोलीत सहा माणसे ओळीने निजली, तर वीज नसलेल्या त्या घरात सहाशे वॉटची शेगडी रात्रभर चालू असे. वर छप्पर देशी कवेलूंचे. त्याच्या शेकडो फटींतून धूर जाई, आणि धुराबरोबर उष्णताही. असे घर तापवणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून कोणी तापवायचा प्रयत्नही केला नाही.

जगात हिवाळ्याशी दोन तऱ्हांनी व्यवहार झालेला दिसतो. एक तऱ्हा घर तापवण्याची. रोमन लोक जमिनीखाली पोकळी ठेवून तिच्यातून भट्टीची गरम हवा खेळवत. कोरियातला 'ओंडोल' आणि उत्तर चीनमधला 'कांग' याच जातीचे. चुलीचा धूर बिछान्याखालून फिरवून मग धुराड्याने बाहेर सोडायचा. दुसरी तऱ्हा माणूस तापवण्याची. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी धरतात, जपानात निखाऱ्यावर बैठे मेज आणि त्यावर रजई टाकून 'कोतात्सु' करतात. खोली थंडच राहते, माणूस गरम होतो. आपण या दुसऱ्या घराण्यातले. फरक इतकाच, की आपण विस्तव अंगाशी आणला नाही. विस्तवाभोवती माणसे गोळा केली.

याचे एक रोजचे वेळापत्रक होते. संध्याकाळचा स्वयंपाक झाला की चुलीतले जळते निखारे चिमट्याने शेगडीत किंवा फुटक्या घमेल्यात काढायचे. मधल्या घरात ते ठेवून म्हातारी माणसे आणि लेकरे हातपाय शेकत. बाळंतिणीच्या बाजेखाली वेगळी शेगडी असे. निजायच्या वेळी ती उचलून बाहेर. चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर राखेचे पांघरूण घालायचे. सकाळी राख सारली की आतला लाल डोळा उघडा पडे आणि दोन काटक्या, एक फुंकर एवढ्यावर चूल पेटे. काडेपेटीतली काडी वाचे. ज्या घरचा विस्तव विझला, त्या घरची पोर खापरी घेऊन शेजारी जाई. पहाटे अंगणात शेकोटी. आमच्याकडे तिला आगटी म्हणत. तिच्यात पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, जे हाताशी येईल ते. अंगावर गोधडी, शेतावर जाणाऱ्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आम्हा मुलांना शब्दशः पाळावी लागे. एका गोधडीत तिघे.

शेकोटीला जात नव्हती, असे लिहायचा मोह होतो. पण ते खरे नाही. पाटलाच्या दारची शेकोटी वेगळी आणि महारवाड्यातली वेगळी होती. पाटलाच्या शेकोटीत सागाचे बुडखे जळत, दुसरीत धसकटे आणि काटक्या. एक पहाटेपर्यंत धगधगे, दुसरी भडकून लगेच विझे. ऊब ही लाकडाची गोष्ट होती, आणि लाकूड ही मालकीची. उबेचा इतिहास चुलींच्या आणि शेगड्यांच्या नमुन्यांत शोधून सापडत नाही, तो जंगलाच्या दप्तरात सापडतो, असे मी म्हणतो ते यामुळे.

ते दप्तर उघडले तर पहिली मोठी नोंद १८६४ ची. त्या वर्षी इंग्रज सरकारने डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनाधिकाऱ्याच्या हाताखाली वनखाते उभे केले. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि सातपुड्यात साग होता. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ चा दुसरा आला. त्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी तीन नावे दिली. १९२७ च्या कायद्याने तीच रचना पुढे चालवली आणि आजही तोच कायदा चालू आहे. त्याच्या सव्विसाव्या कलमानुसार राखीव जंगलात विस्तव पेटवणे, बाळगणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा आहे. वणव्याच्या भीतीने हे कलम आले, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याचे घरच जंगलात, त्याने हिवाळ्यात काय करायचे? ग्रामवनाचे कलम पुस्तकात राहिले. गावांच्या वाट्याला ते क्वचितच आले.

याविरुद्ध लोक बोलले नाहीत असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायराने गिळल्याची तक्रार सडेतोड मांडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. १९३० साली मिठाला समुद्र नसलेल्या आपल्या भागाने जंगल हाच सत्याग्रहाचा विषय केला. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले. बैतूल जिल्ह्यात घोडाडोंगरीच्या बाजूला गंजनसिंह कोरकू यांच्या मागे आदिवासी उभे राहिले. कोकणात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. पाठ्यपुस्तके या लढ्यांना स्वातंत्र्याच्या प्रकरणात बसवतात, ते योग्यच आहे. पण त्यांतल्या पुष्कळांच्या मनात गवताचा भारा आणि सरपणाची मोळीही होती, हे विसरू नये.

मध्य प्रांताची गोष्ट थोडी निराळी होती, आणि माझा सारा मुद्दा त्या निराळेपणावर उभा आहे. इथे १८६० नंतरच्या बंदोबस्तात सरकारने मालगुजारांना गावांचे मालक केले. गावाबरोबर गावचे झुडपी जंगलही त्यांच्याकडे गेले. पण गावकऱ्यांना चराई, सरपण, बांबू, घराला लागणारे लाकूड आणि माती यांवाचून जगता येत नाही, हे बंदोबस्त अधिकाऱ्यांना दिसत होते. म्हणून या गरजा हक्क म्हणून लिहून ठेवण्याची रीत पडली. त्या हक्काला 'निस्तार' म्हणतात. निस्तरणे म्हणजे पार पाडणे, भागवणे. रोजच्या जगण्याचा व्यवहार ज्यावर भागतो तो निस्तार. गावच्या रूढी आणि हक्क ज्या कागदात लिहिले जात त्याचे नाव 'वाजिब-उल-अर्ज'. फारसी नावाच्या, तलाठ्याच्या हस्ताक्षरातल्या त्या कागदात पाऊलवाटा असत, तळ्याचे पाणी असे आणि जळणाचे लाकूडही असे.

१९५० साली मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी तो अमलात आला. मधल्या अवधीत बऱ्याच मालगुजारांनी आपल्या ताब्यातली जंगले ठेकेदारांना विकून साफ केली. उरलेले सरकारजमा झाले. पण निस्तार राहिला. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत २३४ वे कलम त्याचे आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तो १६१ व्या कलमात आहे; प्रत्येक गावाचे 'निस्तार पत्रक' करावे आणि त्यात चराईबरोबर लाकूड, सरपण व इतर वनोपज कोणत्या अटींवर मिळेल ते लिहावे, असे कायदा सांगतो. पूर्व विदर्भातल्या तहसील कचेऱ्यांत हे कागद आजही सापडतात. माझ्या माहितीत सरकारी दप्तरात हिवाळ्याचे सरपण हे गावकऱ्याचे येणे म्हणून नोंदलेली ही एवढीच जागा.

आता १९५६ च्या भोपाळकडे परत येऊ. बिऱ्हाड लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात आईने दोन वस्तू घेतल्या, एक जाड रजई आणि एक लोखंडी शेगडी. नागपूरला जिला आम्ही लाकडाची वखार म्हणत असू, तिला इथे 'टाल' म्हणत. टालीवर बाभूळ, धावडा आणि कोळसा मिळे. आजूबाजूच्या जंगलपट्ट्यातल्या बाया डोक्यावर वीस-पंचवीस किलोची मोळी घेऊन शहरात येत. त्यांच्या गावचा निस्तार असा शहराच्या शेगड्यांत जळत होता, हे तेव्हा आमच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९५६ मध्ये, भोपाळच्या अवजड विद्युत कारखान्याची कंपनी नोंदली गेली. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. जलविद्युत टर्बाइन, जनित्रे, रोहित्रे, मोटारी असे देशाच्या विजेचे अवयव इथे घडू लागले. साकेत नगर आज या कारखान्याच्या वसाहतीला लागून आहे. बागसेवनिया, बागमुगालिया, बरखेडा पठानी ही आजूबाजूची नावे कालपर्यंत खेड्यांची होती. त्या खेड्यांतल्या घरांत हिवाळा सरे तो शेणी आणि तुराट्यांवरच. तिकडे बैतूल जिल्ह्यात सारणीला १९६७ साली सातपुडा औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. साडेबासष्ट मेगावॉटचे असे पाच संच तिथे एकामागून एक उभे राहिले, राजस्थानच्या भागीदारीत. कोळसा शेजारच्या पाथाखेड्याचा, पाणी तवा नदीचे. ते पाचही संच आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या उमेदीच्या काळात तारा डोंगरावरून दूर निघून जात आणि तारांखालच्या कोरकू-गोंड पाड्यांवर रात्री शेकोट्यांचे ठिपके दिसत.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. विजेने घर उबवणे हेच मुळी महागडे काम आहे. हजार वॉटचा हीटर चार तास चालवला तर चार युनिटे जळतात, महिन्याला एकशेवीस. एक किलो सुक्या लाकडात जवळपास तेवढीच, चार-साडेचार युनिटांची उष्णता असते. म्हणजे आगटीत पाच किलो लाकूड जाळणारे गरीब घर एका रात्रीत वीस युनिटांची उष्णता हवेत सोडत होते. तिचा बहुतेक भाग आभाळात जाई, तरी जो अंगाला लागे तो फुकट होता. एवढी वीज खेड्यात कोण देणार? १९८८-८९ साली 'कुटीर ज्योती' योजना आली. तिने गरिबाच्या घराला एका दिव्यापुरती जोडणी दिली. २००४ च्या व्याख्येप्रमाणे दहा टक्के घरांना वीज मिळाली की गाव विद्युतीकरण झालेल्यांच्या यादीत जाऊ शके. २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेने उरलेल्या घरांत तार नेली. या सगळ्या योजनांनी उजेड दिला आणि तो मोलाचा होता. ऊब त्यांच्या हिशेबातच नव्हती.

उलट विजेने एका बाजूने थंडी वाढवली, असेही म्हणता येईल. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे. घरातली गोधडी टाकून माणूस मध्यरात्री ओल्या वाफ्यात अनवाणी उभा राहतो आणि बांधावर तुराट्या पेटवून मधूनमधून पाय शेकतो. दिवसा वीज द्या, ही दोन्ही राज्यांतल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. महाराष्ट्राने २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना त्याचसाठी काढली. रात्रीचे बारे म्हटले की लोक साप आणि बिबट्याची भीती सांगतात. थंडी सांगायला लाजतात.

चुलीची कथाही अशीच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने, कुमारप्पांच्या मार्गदर्शनात, खेड्यातल्या स्वयंपाकघराकडे शास्त्रीय नजरेने पाहिले. तिथली धुराड्याची 'मगन चूल' पुढे देशभर गेली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या. धूर हा खरोखरच शत्रू होता. कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने १९८१ मध्ये गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला, तेव्हा जग दचकले. पण सुधारित चूल विस्तव पोटात झाकून घेते आणि धुराबरोबर बरीच उष्णता धुराड्यातून बाहेर घालवते. स्वयंपाकाला ती चांगली. भोवती बसून हात शेकायला जुनीच बरी. मग जुनी परसात पुन्हा मांडली जाई. १ मे २०१६ रोजी 'उज्ज्वला' योजना सुरू झाली आणि लाखो घरांत गॅस आला. आईबहिणींचे डोळे वाचले, याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र गॅसला निखारा नसतो. बटण फिरवले की विस्तव संपला. मागे शेगडीत भरायला काही उरत नाही. म्हणून तर गॅस असलेल्या घरांतही हिवाळ्यात पाणी तापवायला आणि शेकायला चूल पेटते.

स्वयंपाकाची सोय झाली, दिव्याची झाली, पक्क्या घराचीही झाली. ऊब मात्र चुलीचे उप-उत्पादन होती, तिला स्वतःचे खाते नव्हते, म्हणून ती या सुधारणांत कोणाच्या नकळत गळून पडली. हे केवळ हळहळण्यापुरते असते तर मी लेख लिहिला नसता. त्याची किंमत माणसे जिवाने देत आहेत.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी येते: बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेले कुटुंब सकाळी मृत आढळले. कधी मजूर असतात, कधी चौकीदार, कधी नवरा-बायको आणि लेकरू. कोळशाचा निखारा धूर करत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, झापड येते. थंडीच्या रात्री झापड आली तर कोणाला शंका येणार? भोपाळच्या माणसाला विषारी वायूबद्दल सांगणे न लगे. २-३ डिसेंबर १९८४ ची ती रात्रही थंडीचीच होती. पण त्या वायूने डोळे जाळले, माणसे जागी होऊन पळाली तरी. शेगडीतला वायू झोपेतल्या माणसाला उठवतही नाही.

मग आपले आजे-पणजे कसे वाचले? एक तर कवेलूच्या फटींनी त्यांना वाचवले. ज्या छपरातून उष्णता निसटते म्हणून ते कुरकुरत, त्याच छपरातून हा वायूही निसटत होता. आज तीच शेगडी सिमेंटच्या छताखाली, लोखंडी दरवाजा आणि काचेची खिडकी घट्ट लावून ठेवली जाते. शेगडी बदलली नाही, घर बदलले. आणि जुनी सवय नव्या घरात घातक झाली. दुसरे, त्यांना नियम ठाऊक होता. मुलताईची माझी आजी निजानीज व्हायच्या आधी रोज हाक मारी, "बाबू, इस्तो बाहीर ने रे." कार्बन मोनॉक्साइड हे नाव तिने जन्मात ऐकले नव्हते. गोधडी आणि शेगडी एका रात्रीत एका खोलीत राहत नाहीत, एवढे तिला पक्के माहीत होते. पक्के घर देणाऱ्या योजनेच्या कागदात हा नियम कुठे लिहिलेला मी पाहिला नाही. तो आजीबरोबर गेला.

उपाय फार थोर नाहीत. विस्तव निजण्यापूर्वी बाहेर. खोलीत शेगडी असेपर्यंत एक खिडकी वर-खाली उघडी. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी किंवा फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट; विटेतून वायू निघत नाही. नवे घर बांधताना निजायची खोली दक्षिणेला आणि तिची दक्षिणेची भिंत जाड ठेवावी, म्हणजे दिवसाचे ऊन रात्रीला पुरते. फेलिक्स ट्राँब या फ्रेंच संशोधकाने अशाच भिंतीपुढे काच लावून तिला आपले नाव मिळवून दिले आणि लडाखमधली घरे आज तिच्यावर उबतात. काचेवाचून ती आपल्या पणजोबांकडेही होती. पऱ्हाट्या शेतात पेटवून देण्यापेक्षा पुढच्या हिवाळ्यासाठी त्यांची गंजी रचावी. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी, उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जंगल न तोडता निखारा मिळू शकतो, हे त्यातून दिसले. निखारा कशाचाही असो, बाहेर नेण्याचा नियम त्यालाही लागू.

पण उपायांच्या मागे प्रश्न उरतो तो हक्काचा. ज्याच्याकडे शेत नाही त्याला पऱ्हाटी नाही. सिलिंडर भरणे परवडत नाही त्याला गॅस नाही. जंगलातली काटकी त्याच्यासाठी मेहेरबानी आहे की येणे? २००६ च्या वनहक्क कायद्याने तिसऱ्या कलमात 'निस्तार' हा शब्द नावानिशी घेतला आणि सामुदायिक हक्कांत त्याची गणना केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली अठराशे हेक्टरच्या आसपासच्या जंगलावर असा सामुदायिक हक्क मिळवला. त्यांच्या बांबूची कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या बांबूच्या मुळाशी निस्तार हा जुना हक्क आहे, हे कमी सांगितले जाते. हक्क मिळाल्यावर जंगल राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेने घेतली. सरपण हक्काचे झाले की जंगल संपते, ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. दिवाळी झाली की थंडी पडेल. त्याआधी एकदा तहसील कचेरीत जाऊन आपल्या गावचे निस्तार पत्रक मागा. कागद पिवळा असेल, शाई उडालेली असेल, काही शब्द लागणार नाहीत. सरपणाची ओळ शोधून काढा, तिची नक्कल करून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आपल्या पूर्वजांनी ऊब कोणाकडे मागितली नव्हती. ती त्यांच्या नावे लिहिलेली होती.